तांदळातला नारळ

१५ सप्टेंबर २०००, शुक्रवार

टाके पुन्हा दुखतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या सहा आठवडे. गर्भाशय काढून तीन महिने होत आले — अजून कुकर उचलला की ओटीपोटात ओढ बसते. राजन म्हणतो, मनाचे खेळ. तो सकाळी सहाला हमरियाला कामावर जातो आणि रात्री आठला येतो. मनाचे खेळ खेळायला त्याला वेळ नाही.

गिरिजा नसती तर माझं काय झालं असतं? हा विचार रोज येतो. पहिले पंधरा दिवस तिने मला अंघोळ घातली. मला लाज वाटली तर म्हणाली, अक्का, डोळे मिटा, म्हणजे मला दिसणार नाही.

आज भाजी निवडताना तिने सांगितलं की ऑक्टोबरात तिची व्हिसाची दोन वर्षं संपतात. (जसं काही मला ठाऊक नव्हतं!) पुढे राहायचं की यल्लापूरला परत जायचं, ते अजून ठरलेलं नाही. नवमीला हिरियारूंना विचारणार, मग सांगणार.

हिरियारू कोण, म्हणून विचारलं. घरातली गेलेली वडीलधारी माणसं. शब्द कानडी आहे. तिचं बोलणं कोकणी-मराठी-कानडी असं तिन्ही पायांवर चालतं, मला जसंच्या तसं लिहिता येत नाही. त्यांच्या सिद्दींच्या घरात फोटो नसायचे, देव्हाऱ्यात टाक नसायचे. एक नारळ — घराच्या कोपऱ्यात, वर्षभर तोच. त्यात सगळे. महानवमीला जुना फोडायचा, नवा मांडायचा. फोडायचा तो घरातल्याच माणसाने. आणि तिच्या आजीची आणखी एक रीत होती — खोबरं चांगलं निघालं तर चाललंय ते चालू द्यायचं. खराब निघालं तर समजायचं की हे सोड, घरी ये.

मी लगेच कथेच्या वहीत टिपून घेतलं. दिवाळी अंकाला तीन वर्षं काही दिलेलं नाही. संपादकांचं पत्र येऊन पडलंय. गिरिजावर लिहावं असं मनात आहे. जंगलातली सिद्दी बाई, दुबईत.

कोपरा कुठला, ते विचारायचं सुचलं नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

विभावरीचा फोन. मंडळाच्या दसरा कार्यक्रमाची सांस्कृतिक बाजू यंदा तिच्याकडे आहे. थीम — ‘जग आपल्या अंगणी’. एक चायनीज आयटम आहे, एक अरेबिक. "आणि सुनेत्रा, आफ्रिकन आयटमसाठी तुझ्याकडे रेडिमेड माणूस आहे की गं!"

मी म्हटलं, ती कर्नाटकातली आहे. मराठी बोलते. विभावरी म्हणाली, अगं पण दिसते ना.

नाही म्हणायला अंगात जोर लागतो. म्हटलं, विचारते.

गिरिजाला विचारलं तेव्हा ती इस्त्री करत होती. तिला फुगडी येते, म्हणाली. त्यांच्या बायका फुगडी घालतात आणि पुरुष दमाम वाजवतात, तो मोठा ढोल. आफ्रिकन काय असतं ते माहीत नाही.

आमची अवनी मध्येच — "बट यू आर आफ्रिकन, गिरिजाताई. एन्कार्टामध्ये आहे. ॲन्सेस्टर्स केम फ्रॉम ईस्ट आफ्रिका." सोळा वर्षांची आहे, सगळं सीडीवरून माहीत असतं.

गिरिजाने कॉलर उलटली. म्हणाली, आले असतील. माझ्या आजीला कोकणी येत होती, कानडी येत होती, मराठी येत होती. आफ्रिका येत नव्हती.

अवनी हसली. मीही. वहीत लिहिलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी सतव्याला शिंप्याकडे ब्लाउज आणायला गेलो, गिरिजा आणि मी. मागच्या मैदानात लग्नाचा मांडव. ढोल ऐकू आला आणि गिरिजा उभीच राहिली. हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले पंचवीस-तीस पुरुष गोल फिरत होते, सावकाश, जसं काही पायांखाली पाणी आहे. मध्ये एक सनईसारखं वाजवणारा. सगळे इथलेच, अरबी बोलणारे — आणि बहुतेक सगळे गिरिजासारखे दिसणारे. आठ वर्षं राहतेय इथे. यांच्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं कधी.

कडेला खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. गिरिजाकडे बघून काही अरबीत म्हणाला. तिने मान हलवली, नाही कळत. मग हिंदीत — इथल्या म्हाताऱ्यांना येतं — कुठली, सुदान? नाही. जंजिबार? नाही. इंडिया, ती म्हणाली. तो मांडीवर थाप मारून हसला. झूठ! मग ती म्हणाली, यल्लापूर. वो किधर? हुबली के पास.

तो म्हणाला, "मेरा दादा भी ऐसेही बोलता था. जंजिबार के पास. पास, पास. मैं कभी गया नहीं."

त्याने तिला खजूर दिला. एकच. मला नाही.

परतताना टॅक्सीत ती काचेवर बोटांनी ताल धरत होती. विचारलं, तुमच्या दमामासारखाच होता का? म्हणाली, नाय अक्का. चाल वेगळी. पण चामडं तेच.

आल्यावर एवढी दमले की वहीत लिहायचं राहिलं. बरं झालं. इथे लिहिलं.

२७ सप्टेंबर, बुधवार. सर्वपित्री

सासूबाई असताना पक्ष त्या करत. आता मी. दुपारी एकला खिरीपर्यंत आले आणि लक्षात आलं, नारळच नाही! अल मनखूलची सगळी दुकानं दुपारी बंद, चारला उघडणार. राजन मुद्दाम दुपारचा घरी आलेला, दोनला त्याला परत जायचं. गिरिजा विभावरीकडे तालमीला. म्हणजे मीच पाठवलेली.

तिच्या खोलीत तांदळाचं पिंप, बॅगा, जुन्या कढया, सगळं तिथेच असतं. पिंपामागे स्टीलच्या वाडग्यात, तांदळावर एक नारळ होता, पुसट कुंकू लागलेला. माझाच — गेल्या नवरात्रातला कलशाचा. दर वर्षी म्हणते समुद्रात सोडू, आणि दर वर्षी कुठेतरी ठेवून विसरते. कलशाचा नारळ म्हणजे प्रसादच. बत्त्याने फोडला. आत गोटा झालेला, एक बाजू बुरशीने गेलेली. ती कापून टाकली, उरलेला किसला, खिरीत घातला.

बाल्कनीच्या कठड्यावर पान ठेवलं. एरवी कावळ्याची तासभर वाट बघावी लागते. आज हात धुऊन होईपर्यंत तीन आले! राजन म्हणाला, चला, आई खूष आहे.

गिरिजा साडेचारला आली. गवतासारखा काहीतरी झगा करून दिलाय म्हणे. आल्या आल्या ओट्याखालचा कचरा बांधायला घेतला. बराच वेळ तिथे बसून होती. कंबर धरली का, विचारलं. मग तिने विचारलं, अक्का, आज नारळ कुठे मिळाला? मी म्हटलं, घरातलाच होता.

खीर खाल्ली नाही तिने. गोड नको म्हणाली.

२८ सप्टेंबर, गुरुवार. घटस्थापना

कलश काढला. माळ्यावरून, स्टुलावर चढून, टाके ओढत. जुन्या साडीत बांधलेला. गाठ सोडली.

आत माझा नारळ होता. गेल्या वर्षीचा. शेंडीला माझीच लाल रेशमाची गुंडाळी.

मग कालचा कुणाचा?

तिच्या खोलीत गेले. वाडगा रिकामा. तांदळात गोल खळगा.

सगळं मी टिपून घेतलं होतं. माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात. कोपरा. वर्षभर तोच. फोडायचा तो घरातल्याच माणसाने. ती आपली माणसं विमानातून बरोबर घेऊन आली असेल, हे लेखिकाबाईंच्या डोक्यात आलं नाही. मी गिरिजाचे आईबाप खिरीत घातले आणि आमच्या कावळ्यांना वाढले.

आणि आणखी एक. मी आत पाहिलंय. एक बाजू खराब होती.

हे सोड, घरी ये.

२८ सप्टेंबर, पुन्हा

ती संध्याकाळी विभावरीकडे गेल्यावर कोपऱ्यावरच्या मलबाऱ्याकडून नारळ आणला. सात-आठ वाजवून बघून सगळ्यात जुनाट दिसणारा. शेंडी विस्कटली. कुंकू लावून थोडं पुसलं, तांदळातल्या खळग्यात बसवला. बसला. जरा मोठा आहे.

सांगणार होते. खरंच. ती आली, तिने आधी माझ्या गोळ्या काढून दिल्या, पाणी दिलं, विचारलं, अक्का, आज चढलात ना स्टुलावर? चेहरा बघा कसा झालाय.

उद्या सांगेन.

३० सप्टेंबर

नाही सांगितलं.

१ ऑक्टोबर, रविवार

गिरिजाची मुलगी संपदा शहाणी झाली. बारा वर्षांची, यल्लापूरला मावशीकडे असते. गावातल्या एका दुकानात फोन आहे, तिथून मावशीने कळवलं, तेही पाच दिवसांनी. न्हाऊ घातलं, साडी नेसवली, सगळं मावशीनेच केलं.

गिरिजा ओट्याशी उभी राहून सांगत होती, पोळी भाजता भाजता. रडली नाही. इतकंच म्हणाली की संपदा फोनवर तिला ‘तुम्ही’ म्हणाली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तोच हात. ती म्हणाली, अक्का, सरका, तवा तापलाय.

आता तरी सांगायचं! तोंडात शब्द आलेला. मग अवनी आली, "मॉम, आय'म स्टार्विंग," आणि मला केवढं हायसं वाटलं.

खरं काय ते लिहू. इथे तरी. ती गेली तर मी हे घर कसं ओढणार, एवढंच माझ्या मनात असतं. नवी बाई, नवे कागद, पुन्हा कुणापुढे उघडं होणं. मला आता कुणापुढे उघडं व्हायचं नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार

राजन विचारत होता, गिरिजाच्या रिन्यूअलचं काय? व्हिसाचे कागद बघणारा कंपनीचा पीआरओ पंधरा तारखेला रजेवर चाललाय. "यल्ला, ठरवा काय ते. ती म्हणजे तुझा डिपार्टमेंट." तिचा पासपोर्ट त्याच्या कपाटात असतो, आमच्या तिघांच्या पासपोर्टांच्या खाली. का, हे मी दोन वर्षांत विचारलेलं नाही. सगळेच ठेवतात.

म्हटलं, नवमीला सांगते म्हणालीय.

तो म्हणाला, नवमीला का? मी म्हटलं, त्यांच्यात असतं तसं काही.

त्यांच्यात!

५ ऑक्टोबर, गुरुवार

मंडळाचा कार्यक्रम. शाळेचा हॉल, सगळ्यांच्या पैठण्या, एसी बिघडलेला.

गिरिजाने परवाच सांगून टाकलं होतं की नवमी होईपर्यंत ती नाचणार नाही. विभावरी माझ्यावर चिडली. पण आयटम काही रद्द केला नाही. मंडळातल्याच आठ मुली उभ्या केल्या. तोंडाला काजळ, ओठांना पांढरं, कमरेला ते गवत. टेपवर कुठलं तरी ढोलकं आणि मधूनमधून "हू हू". टाळ्या मात्र कडकडून.

अवनी खुर्चीत खाली सरकत गेली. "मॉम, धिस इज सो राँग." मी म्हटलं, गप्प बस. ती म्हणाली, "यू ऑल्वेज से दॅट."

गिरिजा आमच्या मागच्या रांगेत होती. मान वळवून पाहिलं तर ती अगदी लक्ष देऊन बघत होती, एखाद्या दूरच्या गावाची जत्रा बघावी तशी. मग पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, कोण लोक हे?"

मला हसू आलं. ते गिळलं.

बाहेर आल्यावर विभावरी तिला म्हणाली, बघितलंस, तू असतीस तर अजून ओरिजिनल वाटलं असतं. गिरिजा म्हणाली, "नाय बाई. मला एवढं काळं जमलं नसतं."

विभावरीला कळलं की नाही, देव जाणे. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. कुठल्या तोंडाने?

६ ऑक्टोबर, शुक्रवार. महानवमी

सकाळी नऊची वेळ. राजन झोपलेला, अवनी झोपलेली. मी देवीची माळ ओवत होते. ती दारात आली. न्हालेली, केस मोकळे. म्हणाली, अक्का, या. एकटीने फोडायचा नसतो. घरातलं दुसरं माणूस इथे कोण आहे?

मी गेले. त्या खोलीत मी दोन वर्षांत एकदाही बसले नव्हते. आज बसले, जमिनीवर, तांदळाच्या पिंपाला टेकून. तिने वाडगा पुढे ओढला. उदबत्ती लावली. नावं घेतली — आई, बाप, आजी, आजीची आई, नवरा. प्रत्येक नावाला थांबत होती. मी त्या मलबाऱ्याच्या नारळाकडे बघत होते.

तिने फोडला.

पाणी. भळाभळा पाणी, तिच्या परकरावर, तांदळावर. वर्षभर कोपऱ्यात राहिलेल्या नारळातून! आत खोबरं पांढरंशुभ्र, ओलं, ताजं.

ती बराच वेळ दोन्ही वाट्या हातात घेऊन बसली. मला वाटलं आता विचारेल. विचारलं तर सगळं सांगायचं — ठरवलं मी, तिथल्या तिथे.

तिने विचारलं. पण हे विचारलं — "अक्का, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा. काय म्हणतात?"

उदबत्तीचा धूर डोळ्यांत जात होता. पोटात ओढ बसली होती. बाहेर माझ्या देवीपुढे नऊ दिवसांचा दिवा.

मी म्हटलं, "राहा म्हणतात."

ती म्हणाली, बरं.

मग तिने खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. प्रसाद. मी खाल्ला. तिने नाही खाल्ला, उपास आहे म्हणाली.

७ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

राजनने अर्ज भरला. पुढच्या आठवड्यात मेडिकल. दोन वर्षं.

गिरिजाने श्रीखंड केलं. आपट्याची पानं मंडळातून आली होती. तिने वाकून मला पान दिलं. सोनं घ्या, अक्का.

थकले आहे. थकले, थकले. एवढंच खरं लिहिता येतंय.

८ ऑक्टोबर, रविवार

कथेची वही उघडली. ‘हिरियारू’ असं शीर्षक टाकून ठेवलेलं. ती पानं फाडली. संपादकांना पत्र लिहिलं — यंदाही जमणार नाही, क्षमस्व.

तरी बरं वाटलं नाही. फाडणं सोपं होतं. उद्या सांगायचंच. राजन गेल्यावर, अवनी शाळेत गेल्यावर, चहा घेऊन तिच्या खोलीत बसायचं. ती गेली तर गेली.

९ ऑक्टोबर, सोमवार

चहा केला तेव्हा ती भाजीला खाली गेली होती. तिथेच बसून वाट बघावी म्हणून तिच्या खोलीत गेले.

पिंपामागे वाडगा आहे, पण नवा नारळ मांडलेलाच नाही. तांदळावर जुन्या नारळाची करवंटी आहे. मी सर्वपित्रीला कचऱ्यात टाकलेली. पाच तुकडे, धुतलेले, जुळवून दोऱ्याने बांधलेले. कुंकू ताजं. शेजारी कागदात बुरशी आलेलं खोबरं — मी कापून टाकलं होतं तेवढंच, सगळं.

म्हणजे तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. कचरा बांधायला बसली तेव्हाच. खराब निघाला, तेही. आणि नंतर नऊ दिवस ती माझ्या गोळ्या काढून देत होती.

नवमीला तिने नारळाला विचारलंच नव्हतं. मला विचारलं होतं.

राजनच्या कपाटातून तिचा पासपोर्ट काढला. चहाच्या कपाशेजारी ठेवलाय. लिफ्ट वर येतेय.